नकाशाबाईंचे साडेचार फूट

आदिलाबादच्या बसस्टँडवर ऑटोवाल्याला ‘उद्यान कॉलनी’ म्हटलं, तर तो आपल्याकडे नुसता पाहत राहतो. ‘तोटा कॉलनी’ म्हटलं की लगेच ऑटो सुरू करतो. तेलुगूत तोटा म्हणजे बाग. आम्हा मराठी माणसांच्या कानाला मात्र वेगळंच ऐकू येतं. मराठी शाळेवर मास्तरीण म्हणून लागल्यावर मी घरी नवा पत्ता कळवला, तेव्हा वांकिडीकडच्या आमच्या गावाहून बाबांचा फोन आला. म्हणाले, “एवढ्या मोठ्या शहरात तुले तोट्यातच खोली भेटली काय?”

खोली भेटली ती अकरा नंबरच्या घरात. आणि ती देणाऱ्या बाईंना कॉलनीत कोणीच नावानं ओळखत नसे. तेलुगू घरांत त्या ‘नक्शा अम्मा’ होत्या, उर्दू बोलणाऱ्या घरांत ‘नक्शा खाला’ आणि आम्हा मराठी लोकांत नकाशाबाई. तोंडावर सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत, पण त्यांना सगळं ठाऊक होतं. “म्हनतात तं म्हनू दे,” त्या म्हणायच्या. “काही लोकाईले तं लोक काहीच म्हनत नाई.”

मी खोली विचारायला गेले ती भर दुपारी. बाई पायरीवर बसून अंबाडीची पानं खुडत होत्या. साठीच्या आसपासचं वय, पांढरी सुती साडी, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिंप्यासारखी मोजायची टेप. त्याआधी तीन घरं पालथी घातली होती. तिन्ही ठिकाणी पहिल्यांदा आडनाव विचारलं होतं. बाईंनी ते विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. आत जाऊन कागद आणि पेन्सिल घेऊन आल्या.

“पट्टी न घेता एक सरळ रेघ मार.”

मी मारली. उन्हानं आणि घाबरल्यानं ती मध्येच खाली बसली आणि शेवटी पुन्हा वर चढली. बाईंनी कागद लांब धरून पाहिला.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “एकदम सरळ रेघवाल्या मानसाले इथं करमत नाई. सामान कुठं हाय?”

करमत नाही म्हणजे काय, ते मला त्याच संध्याकाळी कळलं. दूध आणायला निघाले आणि वीस मिनिटं चालून पुन्हा आमच्याच दारात आले. या कॉलनीत एकही रस्ता सरळ नाही. मधोमध अंड्यासारखी लांबट गोल बाग, तिच्यातून सहा गल्ल्या निघालेल्या, आणि प्रत्येक गल्ली विळ्यासारखी वाकलेली. गल्ल्यांना नावं झाडांची: कडुनिंब, करंज, बहावा, मोह, पळस, चिंच. त्या त्या गल्लीत ती ती झाडं. घर जागेच्या फक्त एका तुकड्यावर, बाकी जागा मोकळी. घरांच्या मागून पायवाट, म्हणजे पोरांना रस्ता न ओलांडता बागेत जाता यावं. आणि सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे कोणत्याही घराला आवाराची भिंत नाही. मेंदीचं कुंपण तेवढं, तेही तीन फुटांचं. रस्त्यानं जाणाऱ्याला आपल्या अंगणात काय वाळत घातलंय ते दिसावं, आणि आपल्याला तो जाणारा दिसावा, एवढ्याच उंचीचं.

हे सगळं कुठून आलं, हे बाई मला पहिल्या पंधरवड्यातच तीनदा सांगून मोकळ्या झाल्या होत्या. तलमडुगूच्या रस्त्याला शहराबाहेर हा मुरमाड माळ पडून होता. कापूस येईना, ज्वारी येईना. तो सरकारी नोकरांच्या सोसायटीला मिळाला. त्याच वेळी हैदराबादहून एक प्लॅनिंगचे साहेब इथं बदलून आले. त्यांनी म्हणे परदेशातल्या बागेच्या वसाहतींचे फोटो पाहिले होते आणि ते त्यांच्या डोक्यातून जात नव्हते. साहेब इथं आठच महिने टिकले, पण तेवढ्यात कॉलनी आखून गेले. पहिल्या दिवशी खुंट्या ठोकल्या तेव्हा सोसायटीचे मेंबर अदबीनं म्हणाले होते, “साहेब, पैमाइश करताना मोजणीची जंजीर वाकडी पडली वाटते.” साहेब म्हणाले, “जंजीर सीधी है. रास्ता टेढा है, और टेढाही रहेगा.”

साहेब बोलायचे आणि कागदावर उतरायचं ते बाईंच्या हातून. त्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या, दफ्तरात ट्रेसर म्हणून नुकत्या लागलेल्या. साहेबांच्या पेन्सिलीच्या नकाशावर निळसर मेणकापड पसरून तो शाईनं गिरवायचा, हे त्यांचं काम. अख्ख्या दफ्तरात बाईमाणूस त्या एकट्या. “नकाशा साहेबाचा, पन वळन माह्या हाताचं,” असं त्या म्हणायच्या. करंज गल्लीच्या तोंडाशी जे जरा जास्तीचं वळण आहे, ते शाई सांडू नये म्हणून हात उचलला त्यामुळे आलं, असंही एकदा हळूच सांगितलं होतं. त्या वळणावर आता डॉक्टरांचा दवाखाना आहे आणि डॉक्टर पेशंटला अभिमानानं सांगतात की ही जागा खास दवाखान्यासाठी सोडलेली होती.

रस्ते वाकडे काऊन, असं कोणी विचारलं की बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. “सरळ रस्त्यानं मानूस लवकर घरी पोचते. वाकड्यानं गेलं म्हंजे चार घरचे लोक दिसतात. एखाद्याचं दार सकाळपासून बंद हाय, ते बी दिसते.”

सकाळी साडेसहाला बाई ‘मुआयन्या’ला निघत. हा त्यांच्या दफ्तरातला शब्द. साहेब लोक गावोगाव पाहणीला जात तो मुआयना. गळ्यात टेप, हातात लाल पेन्सिल, कमरेला कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची पिशवी. प्रत्येक घराचं कुंपण मोजायचं आणि तीन फुटांवर गेलेलं दिसलं की तिथंच चिठ्ठी लिहून चिमट्यानं मेंदीला अडकवायची. ‘प्लॉट नंबर बावीस. कुंपण तीन फूट आठ इंच. जास्तीचे आठ इंच रविवारपर्यंत कमी करावे.’ मराठी घराला मराठीत, तेलुगू घराला तेलुगूत. खाली सही नाही. सहीची गरजही नव्हती.

लोक हसत, चिडत, चिठ्ठीची विमानं करत, आणि रविवारी कात्री घेऊन बाहेर येत. कारण रविवारी नाही आलं तर बाई स्वतः मोठी कात्री घेऊन येणार, आणि एकदा त्या कापायला लागल्या की सोबत गोष्टी सांगणार, चहा घेणार, तो पांचट आहे असं म्हणणार आणि तीन तास हलणार नाहीत. त्यापेक्षा आठ इंच परवडले.

माणसांनाही त्या नंबरांनीच ओळखत. “एकोनीसले कावीळ झाली,” “तेहतीस नंबर आजी झाली,” “चाळीसचं अन् एक्केचाळीसचं बोलनं बंद हाय.” मला सुरुवातीला हे फार कोरडं वाटे. मग पाहिलं की एकोणीसला कावीळ झाली तर सलग दहा दिवस उसाचा रस कोण पोचवतंय. चाळीस आणि एक्केचाळीस यांच्यामधलं कुंपण बाईंनी मुद्दाम दोन फुटांवर आणलं होतं. “एकमेकाचं तोंड पाहून पाहून किती दिवस फुगतीन?” दोघं तीन महिने फुगले खरे, पण चौथ्या महिन्यात बोलायला लागले.

एकदा भैंशाहून बहावा गल्लीत वरात आली. सायंकाळची वेळ, बँड, घोडा, घोड्यावर नवरदेव. नवरीचं घर हाकेच्या अंतरावर आणि वरात फिरून फिरून बागेपाशीच. तिसऱ्या फेरीला सनईवाल्याचा दम संपला, नवरदेवाच्या मामानं फोन लावून विचारलं की तुमी घर हलवून राह्यले काय, आणि घोडा एका दारातली मेंदी खायला लागला. बाई आतून चप्पल न घालताच धावल्या, आधी घोड्याला मेंदीपासून बाजूला केलं, मग टेप हवेत उंच धरून वरातीच्या पुढं झाल्या आणि सगळा लवाजमा नवरीच्या दारात नेऊन पोचवला. परत आल्यावर पायाला तेल चोळत म्हणाल्या, “साहेबानं सगळा विचार केला होता. फक्त घोड्याले नकाशा दाखवाचा राह्यला.”

असं हसतखेळत चाललं होतं. मी त्यांना एक विक्षिप्त, मजेची म्हातारी समजत होते. त्यांना भिंत का खपत नाही ते कळलं, तो दिवस मात्र मला आठवतो.

पळस गल्लीतल्या एका नव्या मालकानं पाच फुटांच्या भिंतीसाठी विटा आणून टाकल्या. बाई सकाळ-दुपार-संध्याकाळ त्याच्या दारात. शेवटी त्यानं विटा परत पाठवल्या. मी घरी आल्यावर म्हटलं, “बाई, बांधली असती भिंत तर काय बिघडलं असतं? माणसाला आपलं घर झाकावंसं वाटतं.”

बाईंनी माठातून पाण्याचा पेला भरून घेतला. मग म्हणाल्या, “माहे आईबाप तलमडुगूकडे दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचत. मजुरी घ्याले पाटलाच्या वाड्यावर जावं लागे. वाड्याले ही एवढी भिंत. बाप भिंतीबाहेर उभा राहे. आवाज द्यायचा, अन् थांबायचं. कधी तासभर, कधी दोन तास. मी संगं असे. मले त्या भिंतीचा एकेक दगड पाठ होता.” त्यांनी पाण्याचा घोट घेतला. “साहेबानं नकाशावर लिवलं, बाउंडरी वॉल नाही. मले म्हने हे शाईनं लिहा. मी इतकं ठळक लिवलं का साहेब म्हने, अहो बाई, बाकी नकाशा दिसू द्या.”

साहेबांनीच त्यांना सोसायटीचं मेंबर करून घेतलं आणि कोणता प्लॉट पाहिजे विचारलं. त्यांनी बागेला अगदी खेटून असलेल्या अकरा नंबरवर बोट ठेवलं. घर झाल्यावर बाप पाहायला आला आणि कुंपणाबाहेर उभा राहिला. “मी म्हनलं, बाबा, या ना. तं म्हने, फाटक कुठं हाय? कोनाले इचारू?” बाई हसल्या. “फाटकच नाई म्हनलं. या सरळ. तं तो अंगनात आला अन् परत बाहेर गेला अन् परत आला. तीनचारदा असं केलं त्यानं.”

त्यानंतर मी चिठ्ठ्यांना हसले नाही. म्हणजे हसले, पण जपून.

माझ्या चौथ्या वर्षी फंक्शन हॉलचा विषय निघाला. कॉलनीच्या सोसायटीचे अध्यक्ष मूळ भैंशाचे, कापसाच्या धंद्यातले, उमदा माणूस. आवाज मोठा, मनही मोठं. त्यांचं म्हणणं असं की एवढ्या मोठ्या बागेचा उपयोग काय? दुपारी शेळ्या बसतात आणि संध्याकाळी पत्तेवाले. तिच्या एका कोपऱ्यात हॉल बांधला तर प्रत्येकाच्या घरचं लग्न दारातच होईल. बाहेर कुठं हॉल शोधत फिरायला नको, म्हाताऱ्यांची आबाळ नको. खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. ज्यांच्या घरी मुली लग्नाला आल्या होत्या त्यांना तर फारच पटत होतं.

रविवारी सकाळी बागेतच मोहाच्या झाडाखाली सभा भरली. बाई बांबूच्या नळीतून जुनं मेणकापड घेऊन आल्या. टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. निळसर कापडावर ती सगळी कॉलनी काळ्या शाईत इतकी नाजूक उतरली होती की गप्पा मारणारे लोकही उठून जवळ आले. ज्यानं त्यानं आपापलं घर शोधलं. कोणीतरी म्हणालं, अरे, आपल्या गल्लीतलं चिंचेचं झाडसुद्धा आहे.

“पाहून घ्या,” बाई म्हणाल्या. “हॉल नकाशात हाय का?”

मला वाटलं, जिंकल्या बाई.

अध्यक्ष मात्र चष्मा लावून वाकले. कापसाच्या ढिगातली एक काडी लांबून ओळखणारा तो माणूस. नकाशावरून त्यांचं बोट हळूहळू फिरत गेलं आणि अकरा नंबरवर थांबलं.

“बाई,” ते म्हणाले, आणि आवाजात कुत्सितपणा अजिबात नव्हता, उलट तेच गोंधळले होते, “या नकाशात तुमच्या घराले दक्षिनेकडून खोली नाई. मास्तरीन राह्यते ती खोली कुठं हाय?”

सगळ्यांनी आधी नकाशाकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग माझ्याकडे. माझ्या पायाखाली जणू दुसऱ्याच कोणाच्या मालकीची जमीन आली. ती खोली कॉलनीतली सगळ्यात सुंदर खोली होती. खिडकी उघडली की बाग हाताला लागायची. ती हाताला का लागते, हा प्रश्न मला चार वर्षांत पडला नव्हता.

“नकाशात नाई,” बाई म्हणाल्या.

“म्हंजे?”

“खोली बागेत हाय. साडेचार फूट.”

मोजायला कोणाला जावं लागलं नाही. त्यांना अर्ध्या फुटापर्यंत ठाऊक होतं.

लोकांत कुजबुज सुरू झाली. ज्यांना वर्षानुवर्षं चिठ्ठ्या मिळाल्या होत्या त्यांच्यापैकी एकजण मोठ्यानं हसला. अध्यक्षांनी हात वर करून त्याला गप्प केलं. “राहू द्या बाई,” ते म्हणाले. “तुमची खोली काई डोळ्यात सलत नाई कोनाच्या. आपुन असं करू. ठरावात लिहू का अकरा नंबरची खोली मंजूर, अन् हॉल बी मंजूर. दोन्ही राह्यतीन. भांडनच नाई.”

त्यांनी हे मनापासून म्हटलं होतं, आणि नेमकी तीच मोठी अडचण होती. बाईंनी एक होकार दिला असता तर त्यांची खोली वाचली असती, माझी खोली वाचली असती, अध्यक्षांचा हॉल झाला असता आणि सगळे चहा पिऊन घरी गेले असते.

“सभा पुढच्या रविवारी घ्या,” बाई म्हणाल्या. “तोवर खोली पाडून घेतो. मंग हॉलाचं बोलू.” त्यांनी दगड बाजूला केले, कापड गुंडाळलं आणि नळीत घालायचं म्हणून दोनतीनदा प्रयत्न केला. शेवटी मी घातलं.

घरी येऊन त्या पायरीवर बसल्या. मी उभीच. मला फार राग आला होता.

“बाई, कोणाला दिसत नव्हतं. ते स्वतःच राहू द्या म्हणत होते.”

“तुले राग येऊन राह्यला?”

“हो.”

“येऊ दे.”

मग त्यांनी आपणहून सांगितलं. बाप गेल्यावर त्यांनी आईला इथं आणलं. आई अंथरुणाला खिळलेली. आतल्या खोलीत तिला गुदमरायचं. “जनम उघड्या वावरात गेला तिचा. म्हने, मले भिंत नोको दाखवू, झाड दाखव. बागेकडून खोली काढल्याबिगर झाड दिसत नव्हतं. अन् माह्या जागेत चारच फूट उरले होते. तेवढ्यात खाट बसेना.” पावसाळ्यात कोणाचं लक्ष नसताना दोन आठवड्यांत त्यांनी खोली उठवली. आई त्या खिडकीपाशी दीड वर्ष जगली. “ती गेल्यावर पाडाचीच होती. तं दवाखान्यातली एक नर्स आली, म्हने बाई, खोली हाय का. पोरीले कोनी खोली देईना. तिले म्हनलं राह्य. ती गेली तं दुसरी आली. मंग तिसरी. मंग तू.” त्यांनी गळ्यातली टेप काढून मांडीवर ठेवली. “दुसऱ्याचे आठ इंच मोजत राह्यली ना मी. आपले साडेचार फूट सोडून.”

मी आत जाऊन चहा केला. बाईंनी तो पांचट आहे असंसुद्धा म्हटलं नाही, तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुआयन्याला निघण्याआधी त्यांनी आपल्याच कुंपणाला चिठ्ठी लावली. ‘प्लॉट नंबर अकरा. साडेचार फूट बागेत. रविवारपर्यंत काढावे.’ येणारा-जाणारा थांबून वाचत होता. पण विमान कोणी केलं नाही.

मिस्त्री आला आणि म्हणाला, बागेतली अर्धी खोली पाडू, अर्धी ठेवू. बाई म्हणाल्या, अर्धी खोली कशी राहील? तो म्हणाला, “तिले ओटा म्हनतात, बाई.” चार दिवसांनी पहिल्यांदा त्या हसल्या.

शनिवारी पाडायचं काम निघालं. मी पुस्तकं, ट्रंक, खाट बाहेर काढली. छपराचे पत्रे उतरले, खिडकी चौकटीसकट निघाली. सभेत मोठ्यानं हसलेला माणूस सगळ्यात आधी आला आणि विटा उचलायला लागला. मग चाळीस आणि एक्केचाळीस आले. दहाच्या सुमाराला ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन खुद्द अध्यक्ष. “मलबा न्यायले लागनच,” ते म्हणाले, आणि बाईंजवळ जाऊन बजावून सांगितलं, “हे पाहा, मी हरलो अशातली गोष्ट नाई. हॉल पायजेच हाय मले.”

“पायजेच,” बाई म्हणाल्या. “पन बागेत नाई.”

रविवारी मत घेतलं. हॉलचा ठराव पडला, पण थोडक्यात. माझा हात बाईंच्या बाजूनं होता. आठवडाभर आधी मत घेतलं असतं तर तो कुठं गेला असता, हे मी आजही सांगू शकत नाही. निकाल लागल्यावर बाई उठल्या आणि म्हणाल्या की लग्नासाठी बागेत मांडव घालायला त्यांची हरकत नाही. आजवर असायची. “मांडव एका दिवसाचा असते. दुसऱ्या दिवशी बाग तिच्या जाग्यावर. फक्त झाडाले खिळा नाई ठोकाचा.” त्या वर्षी अध्यक्षांच्या मुलीचं लग्न मोहाच्या झाडाखाली लागलं. मी त्या दिवशी जिलब्यांची इतकी ताटं वाढली की हात दुखले.

मला वाटलं होतं की आता दुसरीकडे खोली बघावी लागणार. बाईंनी माझी खाट उचलून आपल्या बैठकीत टाकली, टीव्हीसमोर. तिथं मी आणखी दोन वर्षं काढली आणि त्यांची एक सवय कळली जी भिंतीपलीकडून कधी कळली नव्हती. बाई तेलुगू मालिका आवाज बंद करून पाहत आणि सगळी पात्रं मराठीत स्वतः बोलत. सासू, सून, वकील, सगळी त्या एकट्याच. त्यांच्या हातात पडल्यावर सासू कधी दुष्ट राहत नसे, ती सुनेला म्हणे, “जाऊ दे माय, चून-भाकर खाऊन घे आधी.”

चिठ्ठ्या मात्र बंद झाल्या. खोली पाडल्यापासून बाई फिरायला जात, पण टेप घरी ठेवून. महिना गेला, दीड महिना गेला. मेंदी वाढली, कोणाची चार फूट, कोणाची त्याहून वर. लोक मोकळे झाले म्हणावं तर तसंही नाही. रविवारी कात्री घेऊन बाहेर यायचे आणि इकडेतिकडे पाहत आत जायचे. एका सकाळी अध्यक्ष तणतणत आमच्या दारात आले.

“बाई, माहं कुंपन सव्वाचार फुटावर गेलं. चिठ्ठी काऊन नाई आली?”

“मले हक्क नाई राह्यला, भाऊ.”

“खोली पाडली का नाई?”

“पाडली.”

“मंग आला ना परत हक्क! चला, चपला घाला.”

बाईंनी चपला घातल्या नाहीत, कॅनव्हासचे बूट घातले. टेप मी आतून आणून दिली.

पुढं माझी बदली झाली, लग्न झालं, दोन मुलं झाली. वर्षातून एकदा तरी मी बाईंकडे जाते. आता त्यांचे डोळे फारसे चालत नाहीत. मालिका लावतात, पण पात्रं ओळखू येत नसल्यामुळे कोणाच्याही तोंडी काहीही देतात, आणि त्यानं कथानकाचं काही बिघडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात गेले तर बाई उंबऱ्यावरच माझी वाट पाहत होत्या, गोष्ट सांगायची म्हणून. बागेवर नुकतीच एक नवी माळीण आली आहे. तेलुगू बोलणारी, कडक, कोणाला न ओळखणारी. बाई रोज संध्याकाळी वाऱ्याला म्हणून ओट्याच्या खाली, पूर्वीच्या त्या साडेचार फुटांत, खुर्ची टाकून बसत. त्या माळिणीनं त्यांना पाहिलं, कंबरेवर हात ठेवून जवळ आली आणि म्हणाली, अम्मा, ही बागेची जागा आहे, खुर्ची आत घ्या. बाई म्हणाल्या, मी इथं पन्नास वर्षांपासून राहते. ती म्हणाली, असाल, पण खुर्ची आत घ्या.

“मंग?” मी विचारलं.

“मंग काय! उठली मी, अन् घेतली आत. पाहून राह्यली होती ती, पुरी आत जाते का नाई म्हून. एक पाय बाहेर राह्यला होता खुर्चीचा, तं तो बी घ्याले लावला.”

ही गोष्ट त्यांनी मला त्या दुपारी तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा खुर्चीच्या पायापर्यंत आल्यावर त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि मी पाणी आणायला आत पळाले.